शंभरातले किती

गोणपाट आधी धुऊन घेतलं,
मागल्या साली त्यात युरिया होता.
वास गेला का म्हणून नाकाशी धरलं,
मग पिळून ओसरीत अंथरलं.

दहा ओळी. ओळीत दहा दाणे.
दोन दाण्यांत बोटाचं एक पेर.
निवडायचं नाही, असं कृषी सहायक बाई सांगून गेल्यात,
मूठ घाला, येईल तो दाणा.
पण हात चोरटा असतो,
टपोऱ्याकडं आपसूक वळतो.
म्हणून मी डोळे मिटून पोत्यात हात घालते
आणि सासरे म्हणतात,
लाटरीचं तिकीट काढून रायली का वं?

सोयाबीनची साल पातळ.
हमालानं पोतं खांद्यावरून आदळलं
की दाणा आतल्या आत मरतो
आणि वरून तसाच पिवळाधमक राहतो.

मग एकेक जण येऊ लागला.
गुणवंता भोयर खर्ऱ्याच्या पन्नीत घेऊन आला.
ठवकरांच्या पोरानं कंपनीची पिशवी खालून उसवली,
लेबल शाबूत, पावती खिशात.
शेवंताबाई मेश्राम पदराची गाठ सोडत म्हणाली,
माह्यं अर्ध्या एकराचं हाय, तुह्या गोणपाटात मावते का पाय.
दोघं हसले.

प्रत्येकाची वेगळी गुंडाळी, वर कोळशानं नाव.
गोठ्याच्या सावलीत सात गुंडाळ्या,
सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका.
चौथ्या दिवशी ठवकरांची गुंडाळी बकरीनं खाल्ली,
कंपनीचं बियाणं तिला तरी पसंत पडलं.
पुन्हा शंभर मोजले.

सहाव्या दिवशी उघडलं.
पांढरी शेपटी सरळ फुटलेला, तो एक.
फुगून बुळबुळीत झालेला, तो नाही.
वाकड्या कोंबाचं काय, यावर
चहा गार होईस्तोवर भांडण.
वाकडा माणूस जगते, त कोंब काहून नाही?
मी वाकडे बाजूला ठेवले.

आमचे चौसष्ट.
गुणवंताभाऊचे एकेचाळीस.
पुन्हा मोज ना वं.
पुन्हा मोजले. एकेचाळीस.
ते उकिडवे बसले, गोणपाटाकडं बघत राहिले.
नेरच्या व्याह्याले तीस किलो कबूल केलं होतं मी.
त्यायले काय सांगू?
एकेचाळीस सांगा, मी म्हटलं.
आकडे सांगून सोयरीक टिकत असते का, पोरी?
याचं उत्तर बाईंनी दिलेल्या कागदावर नव्हतं.

शेवंताबाईचे अठ्ठ्याऐंशी.
काठीनं झोडपलेलं, हळू,
मडक्यात भरलेलं, मडकं कधी न हलवलेलं.
एवढंच, ती म्हणाली,
आणि हसलेल्या दोघांकडं पाहिलंसुद्धा नाही.
रात्री तिच्या दारात चपलाच चपला.
होतं किती? अठरा किलो.
इकत देत नाही मी. तुरीवर बदला.
गुणवंताभाऊ सगळ्यांत मागं, हातात रिकामी पायली.
त्यांना तिनं पाच किलो दिलं.
पोरीसाठी ने. आकडा आत्ता नको सांगू,
उगोलं का मंग सांगजो.

त्यांचं बाकीचं पोतं दुसऱ्या दिवशी
दारव्ह्याला तेलाच्या भावानं गेलं.
पोत्यावर कोळशानं ४१ लिहिलेलं,
पुसलं नव्हतं.

अडाणच्या काठची माणसं घाई करून मोकळी झाली.
आम्ही थांबलो.
वावरात खुरप्यानं उकरून पाहिलं,
वीतभर खाली ओल लागेस्तोवर थांबलो,
सासऱ्यांचे टोमणे खात थांबलो.

आणि आज तिफण.
पुढं बैल, कासऱ्यावर सासरे,
मागं चाड्यावर माझी मूठ.
तीन तास झाले, ते काही बोलले नाहीत.
चौथ्याला, मागं न बघता:
आपला आकडा चौसष्टच होता न वं?

हो म्हटलं,
आणि दोन बोटं
जराशी सैल केली.