बलक

डभोईहून जगुभाई पेटी घेऊन आला, टेम्पोत,
ओल्या गोणपाटाखाली, वाटभर हाताने धरून.
"राणी नथी, बेन. आठ दिवस थया."
सातेरी माश्या. आत वेगळाच आवाज,
बंद खोलीत खूप बायका एकदम हळू बोलतात तसा.

कमाटीबागेकडे उघडणाऱ्या खिडकीशी
चाळीस जणी बर्फावर निजवल्या.
मग एकेक मेणाच्या ताटलीत, टाचणीने.
(मेण तिचंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे मनात यायचं.
आता मान दुखते, एवढंच येतं.)
पोटावरच्या पट्ट्या उचलायच्या,
मधाची पिशवी फुटू न देता बाजूला सारायची
आणि बघायचं.

राणी असते तेव्हा इथे दोन बारीक दोरे असतात,
शिवणाच्या डब्याच्या तळाशी उरतात तसले, रंग नसलेले.
राणीच्या अंगाचा वास त्यांना तेवढंच ठेवतो.
चाटण्यातून, मिशीला मिशी लागण्यातून
तो शेवटच्या पोळ्यापर्यंत पोचतो: मी आहे.
तो विरला
की दोऱ्यांना मणी धरतात.

मणी धरलेली माशी सहसा बाहेर जात नाही.
पोळ्यावर जड चालते. भुकेल्या अळीशी थांबत नाही.
एकेका घरात तीन-तीन अंडी घालते,
बुडाशी पोट पोचत नाही म्हणून भिंतीलाच चिकटवलेली.
नर तिला कधी भेटला नाही,
म्हणून त्यांतून फक्त नरच निघणार.
"बधा आळसु," जगुभाई म्हणतो, आणि हसत नाही.
महिना-दोन महिने. मग पेटीत मेणकिडा.

मला मात्र त्या दुसऱ्या गोष्टीने धरून ठेवलंय
एकवीस वर्षं. बलक.
अंड्यात भरायचा तोच बलक
अंडं न घालणाऱ्या माशीच्याही रक्तात तरंगत असतो.
ती त्याचं डोक्यात दूध करते
आणि दुसरीच्या लेकरांना पाजते.
तो भरपूर असतो तोवर तिला घरातला अंधार पुरतो.
उतरायला लागला की दाराशी येते,
उजेडात चार घिरट्या घालून परत वळते,
आणि एका सकाळी वळत नाही, शेवग्यावर जाते.

माशीवरून माणसावर उडी मारू नये,
हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा ओढते.

तरी सांगते.
गेल्या कार्तिकात माझी पाळी थांबली
आणि त्याच महिन्यात मला घरात बसवेनासं झालं.
दांडिया बाजारातून निघते ती विश्वामित्रीच्या पुलापर्यंत.
खाली गाळावर मगर पडलेली असते, तिला काही नको असतं.
एका रविवारी विनाकारण डभोईची बस धरली.
आई म्हणाली, "कुमुद, या वयात पाय फुटले का तुला?"
मी म्हटलं, बलक संपला.
ती म्हणाली, मग अंडी आण येताना.
आमच्याकडे अंडी कधीच येत नाहीत. आम्ही दोघी खूप हसलो.

हेतल नोंदी लिहीत होती, सातवा महिना,
स्पिरिटचा वास नको म्हणून दारात खुर्ची टाकून.
मी सांगत गेले: मणी. मणी. मणी. दोरे. मणी.
चाळिसातल्या एकतीस जणींना मणी धरले होते.
नऊ जणींना नाही.
"या का नाहीत, मॅडम?"
माहीत नाही, मी म्हटलं. तसंच लिही.

नंतर त्या नऊ पुन्हा भिंगाखाली घेतल्या.
पोटं नव्हे. पाय.
सहा जणींच्या मागच्या पायांवर पराग होता,
ताजा, फिकट पिवळा, दोन्ही बाजूंना सारखा बांधलेला.
राणी नव्हती, पाजायला अळ्या जवळजवळ नव्हत्या,
आणि आज सकाळीसुद्धा
त्या बाजार करून आल्या होत्या.

मी दिवा मालवला नाही.
जगुभाईने दोनदा विचारलं, पेटी लई जाऊं?