तेरा महिने

रास अल खैमात, टायरच्या दुकानावर
शिहाबचं ऑफिस. एसी ठिबकतो बादलीत.
"कॅरॅव्हॅन जुनी आहे, थर्ड पार्टी पुरे."

वाळूत रुतली तर? वेगळे पैसे.
वादीत अचानक लोंढा आला तर?
ती देवाची करणी, साहेब.
आणि ओमानात? ओमान फुकट.

मग आतल्या सामानाची किंमत.
हेमलता बोटांवर मोजते
कुकर, शेगडी, दोन गाद्या,
माझ्या ऑफिसच्या शर्टांचे शिवलेले पडदे
आणि तिथेच अडते.
"लिही काहीतरी."
"काहीतरी कसं?"

शेवटी फुल घेतला.
इथे विमा तेरा महिन्यांचा,
आमचा व्हिसा उरलाय सातचा.
म्हणजे पुढचे सहा महिने
गाडी आमच्याशिवाय सुखरूप.

शिहाब शिक्क्यावर फुंकर घालतो.
जिना उतरताना ही विचारते,
पडद्यांचे किती लिहिलेत?