दोन बोटांवर

पार्सल मीच नेऊन दिलं. मानवत, कापूस बाजारामागची गल्ली,
दस्तगीर मोटार रिवायंडिंग.
खोकं उंबऱ्यात मावेना, वजन मात्र
पावशेर भेंडीचं.
सही करता करता म्हणाला,
बाई, थांबा जरा. विमान आहे.

पांढरे फोमचे पंख. नख टेकलं तरी खूण उठते.
झटकन चिकटणारी डिंकाची बाटली त्यानं दूर सारली.
हा फोम खातो, म्हणाला,
आणि एका कपच्यावर थेंब सोडून दाखवला.
कपच्यात खड्डा पडला,
काही आवाज न होता.

दुसऱ्या डिंकानं दोन पंख एक झाले.
शेपटीचे स्क्रू, सर्व्होच्या बारीक तारा.
बॅटरी मातीच्या परातीत चार्जिंगला,
ती भरेपर्यंत चहालासुद्धा बाहेर जायचं नाही.
पंखा सगळ्यात शेवटी.
पंख आणि पंखा,
एका कान्याचा फरक, पण तेवढ्यात
त्याचा चेहरा बदलला.

डाव्या हाताची तर्जनी त्याची पहिल्या पेराशीच संपते.
मी विचारलं नव्हतं.
सातवीत होतो. कूलरमध्ये वाळ्याची काडी अडकली.
लाईट नव्हती ना तव्हा.
मग आली.

बंद पंखा म्हणून काही नसतं, बाई.
न आलेली लाईट असते.

पंखाखाली वजनाच्या दोन जागा. तिथं
माझ्या पाकिटातल्या टिकल्या लावल्या.
टिकलीखाली एकेक बोट धरून विमान उचलायचं,
नाक जरासं झुकलेलं चालतं, शेपूट बसलेली नाही.
त्यानं उचललं. डावीकडे कलंडलं.
पुन्हा उचललं.
मग हसला. तुमची बोटं द्या, म्हणाला,
माझी दोन्ही सारखी न्हाईत.

शेपूट बसत होती.
बॅटरी बोटभर पुढं सरकवली, तेव्हा ते
माझ्या हातावर गप्प झालं.

रविवारी, ऊन तापायच्या आत, पाथरी रस्त्याचं गायरान.
त्यानं कापसाचं पेळू सोडून वारा पाहिला.
आधी रिमोट चालू, मग बॅटरी जोडायची.
विमान जमिनीवर दाबून धरलं, मी रिमोट घेऊन
सत्तर पावलं लांब गेले, काडी हलवली.
तिकडून ओरडला, हललं!
मग मागं उभा राहून दोन्ही बाजू तपासल्या.
उजवीकडे सांगितलं तर ते डावीकडे ऐकत होतं.
एक खटका उलटा केला.
हे वर गेल्यावर कळलं असतं तर,
असं दोघंही बोललो नाही.

हात पंख्याच्या मागंच. फेकू नका, सोडा.
मी सोडलं.

मोटारीचा आवाज बारीक होत गेला,
पऱ्हाट्यांवरून सावली पळाली.
वळून आमच्याकडे येताना
उजवं डावं होतं, आरशातल्यासारखं.
तो एकदा चुकला. दात आवळून सावरलं.
दुसऱ्या फेरीला बाभळीआडून
सायकलवर दोन पोरं निघाली, माना वर, हँडल सोडलेलं.
त्यांच्या डोक्यावरून जाता आलं असतं.
त्यानं काडी पूर्ण खाली ओढली, मोटार गप,
आणि ते पऱ्हाट्यांत घातलं.

मी धावले. थांबा! असा ओरडला,
की पोरंसुद्धा थांबली.
स्वतः गेला, मागून, वाकून.
आधी बॅटरी. मग रिमोट.
मग नाक उचललं, दोन तुकडे, आणि म्हणाला,
याला डिंक लागतो.

सोमवारी टपाल वाटून दुकानात गेले.
जोड वाळला होता. काही न बोलता
टिकल्यांखाली बोटं धरली.
सकाळपासून लाईट नव्हती.
आली.
छताचा पंखा एकदम फिरायला लागला.
दस्तगीरनं हात खिशात घातला.
विमान माझ्या बोटांवर जरा हललं,
नाक किंचित खाली,
आणि थांबलं.