बिनवासाचं

माहीमच्या आमच्या मेडिकलमध्ये, पाचव्या फळीवर,
प्रोटीनच्या आडदांड डब्यांशेजारी
ते अंग चोरून उभं असतं. मरीन कोलॅजन,
अडीचशे ग्रॅम, लिंबाचा स्वाद,
एकवीसशे नव्वद, सगळे कर धरून.

गिऱ्हाईक विचारतं, खरंच उपयोग होतो का हो?
मी डी.फार्म. केलंय, त्यामुळे जरा अडखळते.
सांगते, रोज दहा ग्रॅम, कोमट पाण्यातून,
जोडीला क जीवनसत्त्व, तीन महिने तरी.
फरक वाटेल.
पडेल म्हणत नाही, वाटेल म्हणते.
या एका क्रियापदावर
माझी नोकरी आणि माझी झोप, दोन्ही टिकून आहेत.

मृदुलाबेन विचारतात, व्हेज आहे ने?
मी डबा फिरवून तपकिरी खूण दाखवते.
त्या हात असा मागे घेतात
जशा वर्गातल्या मुली सरकायच्या
माझ्या वेणीत खवला दिसला की.

आत गेल्यावर पुढे काय होतं, ते मात्र कुणी विचारत नाही.
गुडघ्याच्या नावाने गिळलेलं
थेट गुडघ्यात जात नाही.
पोटात त्याचे बारीक तुकडे होतात,
मग शरीर ठरवतं कुठे लावायचं.
घरात पगार दिल्यासारखं.
तुम्ही म्हणता, यातून पंखा घ्या,
महिनाअखेरीला कळतं
गॅस, शाळेची फी, आणि कुणाचा तरी आहेर.

माझी आई, जयवंती तांडेल,
एकेचाळीस वर्षं मच्छीबाजारात त्याच पाटावर.
उठताना गुडघे
भिजल्या दोरासारखे करकरतात.
ऐकणाऱ्याला दुखतं, ती बोलत नाही.
दर मंगळवारी एक माणूस पोतं घेऊन येतो,
सगळ्या बायकांकडचे खवले गोळा करतो,
किलोला काहीतरी किरकोळ देतो.
कशाला नेतो, आईने कधी विचारलं नाही.
"गटार तुंबत नाय, तवराच."

एप्रिलात, दुकानाच्या सवलतीत,
तारीख जवळ आलेला एक डबा मी घरी आणला.
तिने झाकण काढून नाक जवळ नेलं.
बिनवासाचं आहे, मी म्हटलं.
ती हुंगत राहिली, डोळे मिटून,
जशी पहाटे धक्क्यावर
टोपलीत हात घालण्याआधी हुंगते.
"गोऱ्या पान्यातला हाय," म्हणाली.
"आन शिला."
मग, "कवऱ्याला?"
मी सहाशे सांगितले.
तिने तोंडाला पदर लावला.
हसली की काय, कळलं नाही.

पण प्यायली. रोज, कोऱ्या चहात, लिंबू पिळून.
(क जीवनसत्त्वाचं तिला मी सांगितलं नव्हतं.)
फिजिओने दिलेले व्यायाम
एक दिवस केले नाहीत. वजनाचं तर नावच नको.
डबा संपला की दुसरा, मग तिसरा.
जुलै उजाडला, होड्या किनाऱ्याला,
ती घरीच, बर्फातली कोळंबी सोलायला घेऊन बसलेली.
मी विचारलं, गुडघा?
"व्हता तसा हाय."

मी दुकानदारासारखी गप्प झाले.
ती पाटी पुढे ओढत होती.
अंगठ्याचं नख कवचाखाली घातलं,
एकच झटका, कोळंबी उघडी, काळा दोरा बाहेर.
"नखां बग," म्हणाली. "पयले पाटी सरेपरत तुटाची.
आता लोखंडाची झालीत गो."
आणि दुसरी, आणि तिसरी.
मी बघत राहिले. याचं काय सांगायचं गिऱ्हाइकाला?

उठताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला.
चोळीतून घडी काढली,
दोनशेच्या तीन नोटा, ओलसर.
"आजून एक आन. तुजे पैशानं नको."

दुकानात गल्ल्यात टाकताना दिसलं,
एका नोटेला खवला चिकटलाय,
वाळलेला, काचेसारखा.
मी तो काढायला गेले.
माझ्या नखाने निघेना.