बावीस पावलं पूर्वेला

म्हैस मरून चार तास झालेले, तरी ताठली नव्हती.
नाकातून डांबरासारखं रक्त,
आणि ते गोठत नव्हतं.
डाबरे डॉक्टरीण तबेल्याच्या दारातूनच ओरडल्या,
"सुरी खाली ठेव!"
इद्रीसनं ठेवली. पण मागच्या मांडीवर
वीतभर चीर आधीच गेली होती.

मी परळच्या प्रयोगशाळेत काचा रंगवणारा.
कानाच्या शिरेतला एक थेंब
निळ्यात बुडवला, धुतला, भिंगाखाली धरला:
तोडलेल्या बांबूची कांडी, एकापुढे एक,
भोवती गुलाबी झालर.
इतकं देखणं काही दिसलं की
आम्ही हात दोनदा धुवायचो.

फाशी. आमच्या गावाकडे रोगाचं नावच ते.
न फाडलेल्या अंगात ती कुजून मरते, बाई सांगायच्या.
चीर पडली, हवा लागली,
की सगळा संसार एका दाण्यात आवरते
आणि आतून कडी लावते.
मग खाणं नाही, श्वास नाही,
मरणंही नाही.
किती वर्षं? मी विचारलं होतं.
बाई चष्मा पुसत राहिल्या.

पुरली जोगेश्वरीतच, तबेल्यामागे,
सात फूट खोल, वर चुन्याच्या चार गोणी.
वहीत मीच लिहिलं:
'आंब्यापासून बावीस पावलं पूर्वेला.'
पावलं माझी. तेव्हा मी चोवीसचा, ढांगा लांब.
मांडीतून सांडलेलं मात्र
कुणी मोजलं नाही.

आठवड्यानं इद्रीसच्या मनगटावर
काळी खपली, कडेनं पाण्याचे फोड.
"दुखत तर नाही," तो म्हणाला,
आणि बाई त्यालाच घाबरल्या.
कस्तुरबात पेनिसिलीन. वाचला.
बरेलीहून बरीच वर्षं ईदेचं कार्ड यायचं.

आता तिथं पत्र्याचं कुंपण, त्यावर टॉवरचं चित्र,
चित्रात निळा तलाव, पोहणारी पोरं.
आंबा नाही. बुंधासुद्धा नाही.
सुपरवायझर भला मुलगा, खुर्ची दिली, चहा मागवला.
"काका, नेमकं कुठे?"
मी उठलो. चालायला लागलो.
मोजायचं कुठून, तेच नव्हतं,
आणि पाऊल आता अर्ध्यावर आलेलं.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं,
खाली उतरून माझ्याकडे बघत राहिला,
कोपरापर्यंत लाल माती.
मी म्हटलं, बाबा,
जरा हात दाखव.
कुठे खरचटलंय का?