कोरी तबकडी

जू खोऱ्यातलं तळं गोठलं की
भट्टीपाशी बसणं बरं वाटतं.
आठशे अंशांवर मिना वितळतो.
मी तबकडी आत सारते, मिनिट मनातच मोजते;
कामावर घड्याळ घालत नाही, ओरखडा उठतो.

वरच्या मजल्यावर आर्मां रोशा.
त्याच्या तबकडीवर वार, तारीख, लीप वर्ष,
चंद्राची कला, टोकियोची वेळ,
आणि उरल्या कोपऱ्यात
चावी किती उरली त्याचा काटा.
आमच्या धंद्यात याला गुंतागुंत म्हणतात,
जितकी जास्त तितका भाव.

"तुझ्या तबकडीत आहेच काय, गिलेन?"
वीस वर्षं हेच, कॉफी ढवळत.
मी म्हणायची, तुझ्या बाजारात चोरही खपून जातो.
माझ्याकडे धुळीचा कण आला
तर अख्खं गाव बघतं.
दहातल्या सात मी फोडते.

फेब्रुवारीत एकदा तो खाली आला, न ठोठावता,
बाह्यांवर बर्फ, जुना लोकरी स्वेटर.
भट्टीचं दार उघडंच होतं.
"किती वाजले?"
मनगटावर त्याचंच घड्याळ,
डोळ्यांपासून हातभर लांब धरलेलं.

सव्वाचार, मी म्हटलं.
बरं, म्हणाला. आणि उभाच राहिला.

तबकडी निवली तेव्हा
चार आणि पाचच्या मध्ये
लोकरीचा जळका ठिपका.

हातोडी घेतली होती मी.
मग खण उघडला.
वहीत, कारणाच्या रकान्यात,
'धूळ' लिहायचं असतं.
मी लिहिलं:
गुंतागुंत, एक.