धरतील, नाही धरणार

स्टॉकटन. मंगळवार. सल्लागार ओचोआबाई
माझ्या यादीवरून पेन्सिल फिरवतात.
कॅल्क्युलस दोन: धरतील.
फिजिक्स, प्रयोगशाळेसकट: धरतील.
अकोल्याची बी.कॉम.ची तीन वर्षं...
त्या चष्मा काढून पुसतात.

सिव्हिलला जायचं तर लिनिअर अल्जिब्रा हवाच,
तो फक्त जानेवारीपासून, सकाळी आठला,
आणि बदाम-कारखान्यातली माझी रातपाळी
सुटते साडेसातला.
"बस मिळेल?"
पळेन, मी म्हणते. एकोणचाळिसाव्या वर्षी
हे उत्तर मलाच नवं.

"आणि हे, विडूला? मातीकाम?
हे कुठलंच विद्यापीठ मोजत नाही."

माहीत आहे.
गुरुवारी चाक फिरतं. गोळा मध्यावर आला
असं वाटेस्तोवर कलतो.
शेजारचा डॅरेल, आयुष्यभर ट्रक चालवलेला,
माझ्याकडे न बघताच म्हणतो, पाणी कमी कर.
घरी फिजिक्सची वही उघडली
तर कोनीय संवेगाच्या सूत्रावर
माझ्याच अंगठ्याचा करडा, वाळका ठसा;
पुसला तर सूत्रही पुसटतं.

ओचोआबाई पेन्सिल उलटी करतात,
रबराची बाजू खाली.

मी यादीवर हात ठेवते.
नका धरू, म्हणते.
पण खोडूही नका.